खांदेरीचा दिवा

नाशिककरांना 'थळ' म्हटले की कसाऱ्याचा थळघाट आठवतो. त्यामुळे अम्मींनी "एकदा थळला न्या मला" असे म्हटले, तेव्हा आमच्या धाकटीला वाटले, दादीला घाटातली माकडे पाहायची आहेत. अम्मी हसल्या. त्यांचे थळ वेगळे होते. अलिबागच्या उत्तरेला, समुद्राच्या काठावर असलेले कोळ्यांचे गाव. अम्मींचे आजोळ त्याच पट्ट्यातले. लग्न होऊन त्या गोदाकाठी आल्या आणि पन्नास वर्षांत समुद्र जवळजवळ विसरून गेल्या. पण एक गोष्ट विसरल्या नव्हत्या. त्यांच्या मामूंची. ती पुढे सांगतो.

निघायला आणखी एक कारण होते. आमचा थोरला आठवीत आहे. शाळेत इतिहासाचा तास संपल्यावर वर्गातल्या एका मुलाने त्याला विचारले, "तुझे लोक तेव्हा कुठल्या बाजूला होते रे?" विचारणाऱ्याच्या मनात फार काही असेल असे आम्हाला वाटत नाही. मुलगा घरी येऊन दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने तोच प्रश्न आम्हाला विचारला. वीस वर्षे फळ्यासमोर उभे राहूनही आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. पुस्तके काढली, वाचायला बसलो आणि त्या वाचनात थळसमोरचे एक बेट सापडले. अम्मींचे थळ आणि मुलाचा प्रश्न एकाच जागी येऊन मिळाले. डिसेंबरच्या सुटीत आम्ही पाच जण निघालो.

अलीची बाग

फज्रची नमाज पढून, सफरची दुआ म्हणून गाडी सुरू केली. कसारा, पडघा, पनवेल, वडखळ असा रस्ता. दुपारपर्यंत अलिबाग. या गावाच्या नावाची कथा मुलांना आवडली. अली नावाच्या एका धनिकाने येथे विहिरी खोदल्या, बागा लावल्या. ती अलीची बाग म्हणून अलिबाग, असे सांगतात. अली कोण होता याबद्दल मते निरनिराळी आहेत, पण त्याच्या विहिरींचे पाणी मात्र लोकांच्या आठवणीत राहिले.

अलिबागच्या उत्तरेला किहीम आहे. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी 1930 मध्ये तेथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि नर एकापाठोपाठ एक घरटी कसा बांधतो, मादी त्यातून कशी निवड करते, हे जगाला सांगितले. दक्षिणेला चौल आहे. आज नारळी-पोफळीत लपलेले हे गाव हजार वर्षांपूर्वी मोठे बंदर होते. अरब लोक त्याला सैमूर म्हणत. प्रवासी आणि इतिहासकार अल-मसऊदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, येथे आला होता. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले व्यापारी होते आणि येथेच जन्मलेली त्यांची मुलेबाळेही होती. त्यांचे आपसातले व्यवहार पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. राजा शिलाहार घराण्यातला, हिंदू.

म्हणजे या किनाऱ्यावर आपण तलवार घेऊन आलो नाही. मिरी, कापड आणि खजुराच्या हिशेबाच्या वह्या घेऊन आलो. हे वाक्य आम्ही गाडीतच बोललो. थोरला खिडकीबाहेर पाहत होता, पण ऐकत होता.

थळचा किनारा

दुसऱ्या दिवशी सकाळी थळला पोहोचलो. गावात शिरताच सुकत घातलेल्या मासळीचा वास आला. धाकटीने ओढणी नाकाला लावली. अम्मींनी मात्र खोल श्वास घेतला आणि डोळे मिटले. बांबूच्या मांडवांवर बोंबील लटकत होते. खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला होता. बायका उन्हात बसून मासळी निवडत होत्या. एकीने अम्मींना विचारले, "मावशी, कुठून आलात?" नाशिक म्हटल्यावर ती म्हणाली, "देवाच्या गावातून." अम्मी म्हणाल्या, "पण आजोळ इथलंच गं." मग दोघी सुक्या बोंबलांच्या भावाविषयी, हल्ली मासळी कमी मिळते त्याविषयी असे काही बोलत बसल्या की बोटीची वेळ झाली हे आम्हाला सांगावे लागले.

वाळूत उभे राहिले की समोर समुद्रात दोन बेटे दिसतात. जवळचे, लहान, ते उंदेरी. त्यामागचे, मोठे, ते खांदेरी. किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत आणि मुंबईच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटर. खांदेरीच्या टेकडीवर पांढुरकी उभी रेघ दिसते. तोच दीपस्तंभ.

येथल्या बोटी मासेमारीच्याच. भरती-ओहोटी पाहून निघतात. तांडेलाने आधीच बजावले होते, "पाणी चढलं की निघायचं, उतरायच्या आत परत यायचं. तिथं रेंगाळायचं नाही." बोटीत चढताना त्याने अम्मींना हात दिला. आम्ही सगळ्यांसाठी जीवरक्षक जाकिटे मागून घेतली. मुलांना ती नकोशी वाटली. अम्मींनी आपले जाकीट सर्वांत आधी घातले, पट्टे दोनदा ओढून पाहिले आणि मुलांकडे अशा नजरेने पाहिले की पुढे कोणी कुरकुर केली नाही.

दौलतखान आणि सिद्दी कासम

उंदेरीची तटबंदी डाव्या हाताला ठेवून बोट पुढे निघाली, तेव्हा आम्ही मुलाला गोष्ट सांगायला सुरुवात केली.

1679 चा पावसाळा. शिवाजी महाराजांना मुंबईच्या इंग्रजांवर आणि जंजिऱ्याच्या सिद्दीवर नजर ठेवता येईल असे ठाणे हवे होते. ऑगस्टमध्ये मायनाक भंडारी माणसे आणि सामान घेऊन खांदेरीवर उतरला आणि तट बांधू लागला. मुंबईत खळबळ उडाली. बंदराच्या तोंडाशीच किल्ला उभा राहणार! इंग्रजांनी रसद तोडण्यासाठी जहाजे पाठवली. सप्टेंबरमध्ये चकमक झाली, त्यांचा एक अधिकारी मारला गेला. मग इंग्रजांनी 'रिव्हेंज' नावाचे मोठे लढाऊ जहाज आणले.

आता बेटावरच्या माणसांना धान्य आणि दारूगोळा कोण पोहोचवणार? हे काम महाराजांच्या आरमाराचे होते आणि त्या आरमाराचा सरदार होता दौलतखान. 18 ऑक्टोबर 1679 रोजी त्याची पन्नास-साठ गलबते इंग्रजांवर चालून गेली. इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. 'रिव्हेंज' मात्र हटले नाही आणि मराठी गलबतांना खाडीत परतावे लागले. पण रसद थांबली नाही. रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, मोठी जहाजे जाऊ शकत नाहीत अशा वाटांनी लहान होड्या बेटावर जातच राहिल्या. शेवटी जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी तह करून माघार घेतली. खांदेरी स्वराज्यात राहिली.

"आणि सिद्दी?" मुलाने विचारले.

सिद्दी कासम मोगलांचा आरमारप्रमुख. तो इंग्रजांच्या मदतीला आला होता. इंग्रज निघून जाण्याच्या सुमारास त्याने शेजारची उंदेरी ताब्यात घेतली आणि तेथे तोफा चढवल्या. दौलतखानाने उंदेरीवर हल्ला केला. त्यात त्याची बरीच माणसे मेली आणि तो स्वतः जखमी झाला. उंदेरी सिद्दीकडेच राहिली.

बोट तेव्हा नेमकी दोन बेटांच्या मधल्या पाण्यात होती. इकडे उंदेरी, तिकडे खांदेरी. मुलगा एकदा या तटाकडे, एकदा त्या तटाकडे पाहत होता. मग म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडे?"

"होय, दोन्हीकडे. इकडे दौलतखान, तिकडे सिद्दी कासम. एका बाजूला मायनाक भंडारी आणि इथले कोळी, दुसऱ्या बाजूला इंग्रज. प्रत्येक जण ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यासाठी लढला."

"मग त्याला काय सांगू?"

"नावं सांग. तारीख सांग. बाकी त्याचं त्याला ठरवू दे."

शिक्षक म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही पालक अनेकदा अशा प्रश्नाला दोन प्रकारे उत्तर देतो. एक तर मुलाला म्हणतो, 'सोड, लक्ष देऊ नकोस.' नाही तर आपणच चिडतो. दोन्ही वेळा मुलाच्या हातात काही पडत नाही. मुलाला हवी असते माहिती. ती आपल्याकडे नसते म्हणून आपण गप्प राहतो किंवा रागावतो. दौलतखानाचे नाव आमच्या घरात चाळीस वर्षांत कोणी घेतले नव्हते. हा दोष विचारणाऱ्या मुलाचा नाही.

मनारा, मिनार, मनोरा

खांदेरीच्या धक्क्यावर उतरलो. बेटाभोवती तटबंदी, आत दोन टेकड्या, झाडी, जुन्या तोफा. एका बाजूला कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे देऊळ आहे. जवळच एक खडक आहे. त्यावर दगडाने ठोकले की भांड्यासारखा नाद येतो. धाकटीला तेथून हलवायला बराच वेळ लागला.

टेकडीवर दीपस्तंभ उभा आहे. अष्टकोनी, दगडी, सुमारे 25 मीटर उंच. 1867 मध्ये इंग्रजांनी तो बांधला. ज्या बेटासाठी त्यांनी लढाई केली होती, ते 1818 मध्ये मराठी राज्य संपल्यावर त्यांच्याकडे आले होते. मुंबई तेव्हा कापसाच्या व्यापाराने गजबजली होती आणि दोनच वर्षांनी, 1869 मध्ये, सुएझ कालवा खुला झाल्यावर जहाजांची ये-जा आणखी वाढली. पुढे 1875 मध्ये कुलाब्याच्या टोकाला खडकावर प्राँग्सचा दीपस्तंभ उभा राहिला. आज खांदेरीच्या दीपस्तंभाला सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. बेट मुंबई बंदराच्या ताब्यात आहे. वर जाण्याची परवानगी आम्ही आधी काढली नव्हती, ती चूक आमची. त्यामुळे खालूनच मान वर करून पाहिले.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे अशा ठिकाणी शब्द डोक्यात फिरू लागतात. अरबीत दीपस्तंभाला 'मनारा' म्हणतात. मूळ धातू तोच, ज्यापासून 'नूर' शब्द झाला. मनारा म्हणजे उजेडाची जागा. मशिदीचा 'मिनार' त्याच शब्दापासून आणि मराठीतला 'मनोरा'ही त्याच घरातला. समुद्रावरचे आपले कितीतरी शब्द असेच दुरून आलेले आहेत. बंदर, किनारा, दर्या, दर्यावर्दी हे फारसीकडून. खलाशी अरबीकडून. 'मोसम'ही अरबीच, अरब व्यापारी मोसमी वाऱ्यांवर गलबते हाकारत येत, म्हणून त्या वाऱ्यांना तो शब्द चिकटला. आरमार पोर्तुगीजांचे. थळच्या तांडेलाच्या बोलण्यात हे सगळे शब्द मराठी म्हणूनच येतात आणि ते मराठीच आहेत.

जगातला सर्वांत प्रसिद्ध मनारा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बांधलेला, शंभर मीटरहून उंच. मुस्लिम प्रवाशांनी त्याची वर्णने लिहून ठेवली नसती, तर आज आपल्याला त्याच्याविषयी फार कमी कळले असते. चौलला येऊन गेलेल्या अल-मसऊदीनेही त्याचे वर्णन केले आहे. इब्न बतूता 1326 मध्ये तेथे गेला, तेव्हा भूकंपांनी त्याची एक बाजू पडली होती. 1349 मध्ये पुन्हा गेला, तेव्हा आत शिरणेही शक्य नव्हते. पुढे 1477 मध्ये सुलतान कायतबे याने त्याच जागी किल्ला बांधायला घेतला. तो आजही आहे.

दिव्यामागचे विज्ञानही मुलांना सांगण्यासारखे आहे. खोलीतला दिवा चारी बाजूंना उजेड टाकतो. दीपस्तंभात तो उजेड काचेच्या भिंगांनी गोळा करून एका पट्ट्यात दूर फेकतात. जाड भिंग फार जड होते, म्हणून फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने कड्याकड्यांचे पातळ भिंग तयार केले. 1823 मध्ये ते प्रथम फ्रान्समधल्या दीपस्तंभात बसवले गेले. पण काचेत शिरताना प्रकाश किती वळतो, हे बगदादमध्ये इब्न सहलने 984 मध्येच भिंगांवरच्या आपल्या ग्रंथात मांडले होते आणि त्यानंतर काही दशकांतच इब्न अल-हैसमने प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. एकाने पाया घातला, दुसऱ्याने भिंत चढवली. ज्ञान असेच वाढते. 'आमच्या लोकांनी आधी शोधले' म्हणून छाती फुगवण्यापेक्षा आज आपल्या घरातला कोणता मुलगा, कोणती मुलगी भौतिकशास्त्र घेणार आहे, हे पाहिलेले बरे.

आणखी एक गंमत. प्रत्येक दीपस्तंभाची लुकलुकण्याची रीत ठरलेली असते. किती सेकंदांनी, किती वेळा चमकायचे हे नकाशावर नोंदलेले असते. खलाशी घड्याळ लावून मोजतो आणि हा खांदेरी, तो प्राँग्स, असे अंधारात ओळखतो. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा मनोऱ्याचा आकार आणि रंग ओळख देतो.

ज़ुहरची वेळ झाली. झाडाच्या सावलीत चादर अंथरली. आम्ही मुसाफिर, म्हणून कस्र नमाज, चारऐवजी दोन रकात. अम्मींचे माहेर कोकणी, शाफई. आमचे घर हनफी. पन्नास वर्षांपूर्वी सासरी आल्यावर सुरुवातीला आपल्याला नमाजेत कसे गोंधळायला होई, ते त्यांनी हसत सांगितले. किब्ला समुद्राच्या दिशेने होता. सज्दातून डोके वर काढले की पुढे फक्त पाणी. हजचे जहाज याच पाण्यातून जात असे. 1995 पर्यंत हाजी मुंबईहून बोटीने जेद्दाला जात. आमचे दादाही बोटीनेच गेले होते. ते सांगत, मुंबईचे दिवे मागे पडले, तरी दीपस्तंभाचा एक दिवा बराच वेळ दिसत राहतो आणि तो दिसेनासा झाल्यावर डेकवरचे लोक बोलायचे थांबतात.

रामदास

आता अम्मींच्या मामूंची गोष्ट.

17 जुलै 1947, गुरुवार. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' नावाची बोट सकाळी रेवसला निघाली. अवसेचा दिवस होता आणि रमजान दोन दिवसांवर आला होता. सणासाठी घरी निघालेले गिरणी कामगार, कोळी, व्यापारी, सगळ्या जातिधर्मांचे लोक बोटीवर होते. बोट गच्च भरली होती. वाटेत वादळी पावसाने गाठले. काशाच्या खडकाजवळ बोट एका बाजूला कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. जीवरक्षक साधने सगळ्यांना पुरणारी नव्हती. बातमी मुंबईला पोहोचेपर्यंत दुपार उलटून गेली होती. रेवसकडच्या कोळ्यांनी वादळातच होड्या घातल्या आणि जितके हाती लागले तितके लोक वाचवले.

अम्मींचे मामू त्या बोटीवर होते. वय अठरा-एकोणीस. मुंबईत नोकरीला होते. रमजान घरी करायला निघाले होते. त्यांचा जनाज़ा निघाला नाही, कारण मय्यत मिळाली नाही. अम्मींचा जन्म त्यानंतरचा. पण त्यांच्या आई दर वर्षी रमजानचा चांद दिसला की आधी समुद्राकडे तोंड करून फातिहा पढत आणि मगच घरात येत. "कब्र नव्हती ना," अम्मी म्हणाल्या, "म्हणून अम्मा समुद्रालाच सलाम करायची."

परतीच्या वाटेवर अम्मींनी तांडेलाला विचारले, "रामदास कुठं बुडाली, बाबा?" तो तरुण माणूस, पण त्याला ठाऊक होते. त्याने उत्तरेकडे, रेवसच्या दिशेला हात केला. "तिकडं. इथून दिसत नाही. आमचा आजा सांगायचा." मग त्याने काही न बोलता इंजिन मंद केले, मग बंदच केले. बोट लाटांवर हलत राहिली.

अम्मींनी पदर नीट केला आणि हात उचलले. आम्हीही उचलले. फातिहा झाली. अम्मींनी मामूंसाठी दुआ मागितली आणि मग त्या बोटीवरच्या सगळ्यांसाठी मागितली. तांडेलाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. त्याच्याही घरातले कोणी होते का, हे आम्ही विचारले नाही. पैगंबर हज़रत मुहम्मद (स.) यांनी बुडून मरण पावणाऱ्याला शहीदांमध्ये गणले आहे. अम्मींच्या आईला कोणीतरी हे सांगितले असेलच. नसेल, तर त्या रात्री आम्ही अम्मींना सांगितले.

'रामदास' दिवसाउजेडी बुडाली. दीपस्तंभ तिला वाचवू शकला नसता. दिवा खडक दाखवतो. बोटीत किती माणसे भरायची आणि वादळात निघायचे की नाही, हे माणसानेच ठरवायचे असते. अम्मींनी सकाळी जाकिटाचे पट्टे दोनदा का ओढून पाहिले, ते मुलांना आता समजले होते.

सेकंद मोजताना

मग़रिबनंतर थळच्या धक्क्यावर बसलो. जाळी गोळा झाली होती, माणसे घरी चालली होती. समोर काळोखात एकदम खांदेरीचा दिवा चमकला. थोरल्याने घड्याळ काढले आणि सेकंद मोजू लागला. धाकटीही मोजू लागली. दोघांचे आकडे जुळेनात, वाद झाला, पुन्हा मोजले. किती सेकंद आले ते येथे लिहीत नाही. ते तुमच्या मुलांना मोजू द्या.

रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणे ही ईमानचीच एक शाखा, असे हदीसमध्ये आहे. समुद्रातला खडक बाजूला करता येत नाही. त्यावर दिवा लावता येतो. हा दिवा ज्यांच्यासाठी लागतो ते कोण, कुठले, कोणत्या धर्माचे हे लावणाऱ्याला ठाऊक नसते. आज जहाजांवर उपग्रहाची यंत्रे आली, दिव्यांवर यंत्रांची देखरेख आली. तरी दिवा रोज लागतो. थळचा तांडेल म्हणाला, "मोबाईल पाण्यात पडतो, दिवा पडत नाही."

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी काही सूचना. जून-जुलैत मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत बेटावर जाण्याचा विचारही नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. बोट ठरवताना भरतीची वेळ विचारा आणि प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, जाकीट मिळेल याची खात्री करा. बेटावर जाण्याची आणि दीपस्तंभावर चढण्याची परवानगी यांची चौकशी आधीच करा. बेटावर खाण्यापिण्याची सोय धरून चालू नका. पाणी, डबा आणि नमाजेसाठी चादर बरोबर घ्या आणि कचरा परत आणा. वेताळाचे देऊळ कोळ्यांच्या भक्तीचे ठिकाण आहे, तेथे अदब राखा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेरही त्याच यादीत आहे. समुद्र दूर वाटत असेल, तर आधी साल्हेर पाहा. पण जाण्यापूर्वी मुलांबरोबर बसून थोडे वाचा. नाव आणि तारीख ठाऊक असली की दगड बोलू लागतात.

सुटी संपली, शाळा सुरू झाली. थोरल्याने त्या मुलाला नेमके काय सांगितले ते आम्हाला कळले नाही. एवढे मात्र कळले की इतिहासाच्या प्रकल्पासाठी दोघांनी एकच विषय घेतला आहे: खांदेरीची लढाई. परवा तो मुलगा आमच्या घरी आला होता. जमिनीवर कागद पसरून दोघे नकाशा काढत होते. दौलतखानाची गलबते कुठल्या खाडीतून निघाली यावर त्यांचे भांडण चालू होते. अम्मींनी दोघांपुढे खजूर आणि दूध ठेवले आणि नकाशात रेवस कुठे आहे, ते त्या मुलाला बोटाने दाखवले.